दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं गेल्यावर: पोलीस ठाण्यातून जामीन आणि तुरुंगातून सुटका कशी करून घ्यायची

ड्रंक अँड ड्राइव्हच्या प्रकरणात घरच्यांची धावपळ बहुतेक वेळा उलट्या क्रमाने होते. आधी ओळखीचा नगरसेवक शोधतात, मग वकील, मग जामीनदार, आणि कलमं कोणती लागली आहेत हे सगळ्यात शेवटी विचारतात. पुढचं सगळं मात्र कलमांवरच ठरतं. नुसतं दारू पिऊन गाडी चालवण्याचं कलम असेल तर जामीन हा हक्क आहे आणि माणूस पोलीस ठाण्यातूनच घरी येऊ शकतो. एखादं अजामीनपात्र कलम जोडलं गेलं, तर कोर्ट, कोठडी आणि कदाचित तुरुंग अशी वाट लागते. म्हणून खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने पाळा. लेख महाराष्ट्रातली पद्धत धरून लिहिला आहे. मोटार वाहन कायदा आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (पुढे नुसतं ‘संहिता’) हे दोन्ही केंद्राचे कायदे असल्याने मुख्य नियम गोव्यातही हेच लागू आहेत.

टप्पा १: फोन आला की आधी काय विचारायचं

पकडलेल्या माणसाचा किंवा पोलिसांचा फोन आला की ओरडाआरडा नंतर करा. आधी कागदावर लिहून घ्या: कोणतं पोलीस ठाणं किंवा वाहतूक विभाग, अधिकाऱ्याचं नाव, गाडीचा नंबर, कुणाला लागलं आहे का, आणि वैद्यकीय तपासणी झाली की व्हायची आहे. यातला ‘कुणाला लागलं आहे का’ हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. त्याच्या उत्तरावरून ठाण्यातल्या कागदांवर काम भागेल की कोर्टाची तयारी करायची, हे कळतं.

मग ही पिशवी भरा:

– पकडलेल्या माणसाचं आधार कार्ड आणि दोन फोटो
– जामीनदार होऊ शकेल अशा एका नातेवाइकाचं आधार, पॅन, रेशन कार्ड आणि दोन फोटो
– जामीनदाराची पगाराची पावती, किंवा सातबारा, किंवा घरपट्टीची पावती
– गाडीचं आरसी, विमा आणि पीयूसी
– थोडी रोख रक्कम आणि माणसाची रोजची औषधं

सावधान: सोबत बसून प्यायलेला मित्र दुसरी गाडी काढून ठाण्यात येतो आणि तिथे त्याचीही तपासणी होते. न प्यायलेल्या माणसानेच जायचं, नाहीतर रिक्षा करायची.

सावधान: नाकाबंदीच्या जागी ‘दंड भरतो आणि निघतो’ असं होत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवणं, हे जागेवर तडजोड करून मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांत नाही. त्याचा निकाल कोर्टच करतं. कुणी पावतीशिवाय पैसे मागितले तर ती लाच आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर १०६४.

टप्पा २: तपासणी आणि दोन तासांचं घड्याळ

मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. वाहतूक पोलीस आधी फुंकणीच्या यंत्रावर तपासतात आणि यंत्रातून चिठ्ठी निघते. तिच्यावरचा आकडा, तारीख आणि वेळ पाहून घ्या. शक्य असेल तर फोटो काढा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम २०२ खाली कलम १८५ साठी अटक केली, तर अटकेपासून दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हावी लागते. ती झाली नाही तर माणसाला कोठडीतून सोडावं लागतं. म्हणून अटकेची वेळ आणि दवाखान्यात नेल्याची वेळ, दोन्ही वहीत टिपून ठेवा. फक्त याचा अर्थ इतकाच की कोठडीतून सुटका होते. खटला आपोआप संपत नाही, आणि बरेच जण इथेच फसतात.

सरकारी रुग्णालयात डॉक्टर तोंडाचा वास, बोलणं, चाल आणि डोळ्यांच्या बाहुल्या यांची नोंद करतात आणि रक्ताचा नमुना घेऊन सील करतात. नमुना पुढे न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो. मुंबईची प्रयोगशाळा कलिन्याला आहे. सुई टोचण्याआधी त्वचेवर स्पिरिटचा बोळा फिरवायचा नसतो, कारण त्या अल्कोहोलमुळे निकालाबद्दल शंका निर्माण होते. तो फिरवलेला दिसला तर तिथे वाद घालू नका. वेळेसह लिहून ठेवा आणि वकिलाला सांगा. महिलेचं रक्त पुरुष डॉक्टर घेत असेल तर तिथे दुसरी महिला हजर असावीच लागते.

सावधान: तपासणीला नकार देऊन सुटता येत नाही. सबळ कारणाशिवाय दिलेला नकार मोटार वाहन कायद्याच्या कलम २०५ प्रमाणे माणसाच्याच विरुद्ध धरला जाऊ शकतो. आणि नमुन्याचं ‘काही करता येईल का’ हा विचार तर मनातही आणू नका. पुण्यातल्या कल्याणीनगरच्या मे २०२४ च्या अपघातानंतर नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातले डॉक्टर आणि गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाचे आईवडीलही अटकेत गेले.

टप्पा ३: कलमं वाचा

ठाणे अंमलदाराला नम्रपणे विचारा, “साहेब, कोणती कलमं लावली आहेत?” अटक झाली असेल तर अटकेची कारणं आणि जामीनपात्र गुन्हा असेल तर जामिनाचा हक्क सांगणं पोलिसांवर बंधनकारक आहे (संहितेचं कलम ४७). अटकेची खबर नातेवाइकाला देणंही बंधनकारक आहे (कलम ४८). अटकेची कारणं माणसाला समजेल अशा भाषेत लेखी द्यावीत, आणि कोर्टात रिमांडसाठी, म्हणजे कोठडी मागण्यासाठी, हजर करण्यापूर्वी किमान दोन तास तरी ती हातात पडावीत, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये वरळीच्या बीएमडब्ल्यू अपघाताच्या प्रकरणातच सांगितलं आहे. तो कागद मागून घ्या. वकिलाला पहिल्यांदा तोच लागतो.

कलमांचा अर्थ असा.

मोटार वाहन कायदा कलम १८५ जामीनपात्र आहे. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही.

भारतीय न्याय संहिता (वरच्या ‘संहिते’हून वेगळा, गुन्हे आणि शिक्षा सांगणारा कायदा) कलम २८१ म्हणजे बेदरकारपणे वाहन चालवणं. तेही जामीनपात्र. कुणी जखमी असेल तर कलम १२५ लागतं, तेही जामीनपात्र. मृत्यू झाला आणि कलम १०६(१) लागलं, तर शिक्षा पाच वर्षांपर्यंत असली तरी तेही जामीनपात्रच आहे.

न्याय संहितेचं कलम १०५, म्हणजे सदोष मनुष्यवध, अजामीनपात्र आहे. दारू पिऊन गाडी चालवून माणसं गेली असतील तर पोलीस हल्ली हे कलम लावतात. नुसता ‘अपघात’ समजून निर्धास्त राहू नका.

न्याय संहितेचंच कलम १३२, म्हणजे कर्तव्यावरच्या सरकारी नोकरावर हल्ला किंवा बळाचा वापर. हेही अजामीनपात्र.

या शेवटच्या कलमाबद्दल कळकळीने सांगतो. साध्या १८५ च्या प्रकरणातला माणूस तुरुंगात जातो तो पुष्कळदा या एकाच कारणाने. पोलिसाची कॉलर धरली, फुंकणीचं यंत्र हिसकावलं, ढकलाढकली झाली, की तासाभरात ठाण्यातून सुटू शकला असता तो माणूस दुसऱ्या दिवशी कोर्टात उभा असतो. फोनवर त्याला पहिलं वाक्य हेच सांगा: “गप्प बस, हात खाली ठेव, मी येतोय.”

पकडलेला अठरा वर्षांखालचा असेल तर हा सगळा मार्ग बदलतो. त्याला बाल न्याय मंडळापुढे नेतात, आणि पालक किंवा गाडीमालकावर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंडाची टांगती तलवार असते. अशा वेळी ताबडतोब वकील करा.

टप्पा ४: जामीनपात्र प्रकरण – ठाण्यातूनच सुटका

सगळी कलमं जामीनपात्र असतील तर संहितेच्या कलम ४७८ प्रमाणे जामीन देण्याची तयारी दाखवली की सोडावंच लागतं. इथे विनंतीचा प्रश्न नाही, पण बोलणं विनंतीचंच ठेवा. कधी कधी अटक न करता कलम ३५(३) ची नोटीस देऊन, लायसन्स आणि गाडी ताब्यात घेऊन, माणसाला कोर्टाची तारीख देऊन सोडतात. तसं असेल तर जामिनाचे कागदच लागत नाहीत. नोटिशीवरची तारीख तेवढी पाळायची.

क्रम असा ठेवा:

१. ठाणे अंमलदाराला सांगा की जामीनदार सोबत आहे आणि जामीन द्यायची तयारी आहे.

२. जातमुचलका म्हणजे माणसाने स्वतः लिहून दिलेली हमी: बोलावल्यावर हजर राहीन, नाहीतर अमुक रक्कम भरेन. जामीनपत्रावर तशीच हमी जामीनदार देतो. दोन्हींतला फरक समजून घेऊन मगच सही करा. जामीनदार न घेता नुसत्या जातमुचलक्यावरही सोडता येतं. जामीनदार मिळत नसेल तर तसं स्पष्ट सांगा.

३. कागदावर नाव, वडिलांचं नाव, पत्ता, कलमं आणि पुढची तारीख बरोबर आहे का ते पाहा. कोऱ्या जागा असलेल्या कागदावर सही नको.

४. जप्त केलेल्या वस्तूंची पावती घ्या: लायसन्स, आरसी, मोबाइल, गाडी.

गरिबीमुळे जामीनदारच देता येत नसेल, तर अटकेपासून आठवड्याच्या आत जामीन न देऊ शकणारा माणूस निर्धन धरला जातो आणि त्याला जातमुचलक्यावर सोडावं लागतं. हे माहीत नसल्याने हातावर पोट असलेले ड्रायव्हर आठवडेच्या आठवडे आत राहतात. अशा घराने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. वकील फुकट मिळतो. फोन १५१००.

महिलेला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करायची तर ती अपवादात्मक परिस्थितीतच होते. अटक महिला अधिकाऱ्यानेच करायची असते आणि त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते.

तपासा: ठाण्यातून निघताना हातात तीन गोष्टी आहेत ना? सहीच्या कागदांची प्रत किंवा फोटो, जप्तीची पावती, आणि पुढची तारीख. नसतील तर परत आत जा.

टप्पा ५: अजामीनपात्र प्रकरण – पहिले चोवीस तास

प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावं लागतं. शनिवारी रात्री अटक झाली म्हणून सोमवारपर्यंत थांबावं लागत नाही. रविवारी सुट्टीचं कोर्ट बसतं आणि रिमांड तिथेच होतो. कोणतं कोर्ट, किती वाजता, हे तपास अधिकाऱ्याकडून रात्रीच विचारून घ्या. वकीलपत्रावर माणसाची सही हजर करण्यापूर्वीच घ्यायला हवी, म्हणून वकिलाला ठाण्यात किंवा कोर्टाच्या दारात वेळेआधी पोचवा.

कोर्टात तुम्हाला दोन शब्द ऐकू येतील. पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी. एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी, म्हणजेच तुरुंग. ‘एमसीआर झाली’ ऐकून घरचे रडायला लागतात. पण जामिनाची वाट बहुतेक वेळा तिथेच मोकळी होते. पोलिसांना चौकशीसाठी माणूस हवा असतो तोवर जामिनाला जोर मिळत नाही. एमसीआर होताच वकील अर्ज देतो, कोर्ट सरकारी वकिलांचा ‘से’, म्हणजे म्हणणं, मागवतं, तपास अधिकारी म्हणणं दाखल करतो, मग युक्तिवाद आणि आदेश.

कलम १३२ सारखं प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरच चालतं आणि अर्जही तिथेच. कलम १०५ मात्र सत्र न्यायालयाचं काम आहे. त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा असल्याने न्यायदंडाधिकारी सहसा जामीन देत नाहीत. तिथे दिवस घालवण्यापेक्षा संहितेच्या कलम ४८३ खाली सत्र न्यायालयात जाण्याची तयारी आधीच ठेवा. कलम १०५ मध्ये ९० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हक्काने मिळतो. ती तारीख वकिलाच्या डायरीबरोबर तुमच्याही कॅलेंडरवर हवी.

सावधान: मृताच्या किंवा जखमीच्या घरी ‘मिटवून घ्या’ म्हणत जाऊ नका. साक्षीदारांवर दबाव आणल्याचा आरोप झाला की मिळणारा जामीनही हातचा जातो. त्या घरावर काय कोसळलं आहे, याचंही भान हवं. मदत करायचीच असेल तर वकिलामार्फत, उघडपणे.

टप्पा ६: आदेश मिळाला, पण जामीन अजून ‘भरायचा’ आहे

इथेच सर्वांत जास्त दिवस वाया जातात. कोर्टाने ‘जामीन मंजूर’ म्हटलं की लोक पेढे वाटतात आणि माणूस त्या रात्री आतच असतो. आदेशात समजा लिहिलं आहे: १५,००० रुपयांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. तो जामीनदार कोर्टापुढे उभा राहून, त्याचे कागद मंजूर होऊन, जामीनपत्रावर सही झाल्याशिवाय सुटकेचा आदेश निघत नाही.

जामीनदार कसा असावा? ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा असलेला, आणि तेवढ्या रकमेची ऐपत कागदावर दाखवू शकणारा. नोकरदाराची पगारपावती आणि नोकरीच्या ठिकाणचं ओळखपत्र, शेतकऱ्याचा ताजा सातबारा, घरमालकाची घरपट्टी. काही कोर्टं तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला मागतात, आणि तो मिळायला दिवस लागतात. म्हणून आदेशाची वाट न पाहता, अर्ज दाखल केला त्याच दिवशी जामीनदाराचे कागद वकिलाकडे द्या. मूळ कागद आणि झेरॉक्स, दोन्ही.

जामीनदाराला आधी कितीजणांसाठी जामीन राहिला आहे, तेही लिहून द्यावं लागतं. कोर्टाच्या आवारात पैसे घेऊन उभे राहणारे ‘तयार’ जामीनदार दिसतील. त्यांच्या जवळही जाऊ नका. कागद खोटे निघाले तर जामीन रद्द होतो आणि नवा गुन्हा अंगावर येतो.

जामीनदार लगेच मिळत नसेल तर वकिलाला रोख जामिनाचा अर्ज करायला सांगा. मुंबईत कोर्टं काही आठवड्यांसाठी हंगामी रोख जामीन देतात. रोख रक्कम भरून माणूस बाहेर येतो आणि ठरलेल्या मुदतीत जामीनदार उभा करायचा. रक्कम नाझरकडे, म्हणजे कोर्टातल्या पैशांचा हिशेब पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे, भरायची. पावती माणसाच्या नव्हे तर ज्याने पैसे भरले त्याच्या नावाने घ्या आणि जपून ठेवा.

कोल्हापूर-पुण्याची मंडळी गोव्यात पकडली जातात तेव्हा ‘स्थानिक जामीनदार आणा’ हा अडथळा येतो. जामीनदार दुसऱ्या जिल्ह्यातला आहे एवढ्या कारणावरून नाकारू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये मोतीराम प्रकरणात म्हटलं आहे, आणि जानेवारी २०२३ च्या निर्देशांतही स्थानिक जामीनदाराचा आग्रह सुटकेला उशीर करतो हे पुन्हा नोंदवलं आहे. वकिलाने हे दोन्ही दाखवावेत.

टप्पा ७: तुरुंगाच्या दारातून बाहेर

जामीनपत्र मंजूर झालं की कोर्ट सुटकेचा आदेश काढतं. तो तुरुंगापर्यंत पोचला, तरच दार उघडतं. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाला दारावर जामिनाच्या आदेशांसाठी पेटी आहे. ती ठराविक वेळीच उघडतात आणि संध्याकाळच्या शेवटच्या वेळेनंतर आलेला आदेश दुसऱ्या सकाळवर जातो. ऑक्टोबर २०२१ मध्ये क्रूझ प्रकरणात जामीन मिळालेला प्रसिद्ध आरोपीही याच कारणाने आणखी एक रात्र आत राहिला. म्हणून दुपारच्या आत आदेश कोर्टातून निघेल असं पाहा आणि पोचला की नाही याची तुरुंगात चौकशी करा.

आदेश घेतल्या-घेतल्या, लिपिकाच्या टेबलाजवळच, हे एकेक बोट ठेवून वाचा: नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गुन्हा क्रमांक आणि वर्ष, पोलीस ठाणं, सगळी कलमं. कारागृह अधिकारी हे त्यांच्या नोंदवहीशी पडताळतात. नोंदवहीत ‘दत्तात्रय’ आणि आदेशात ‘दत्ता’, किंवा पाच कलमांपैकी एक राहून गेलेलं, एवढ्यावरून आदेश परत कोर्टात जातो. दुरुस्तीला एक अख्खा दिवस लागतो, आणि मध्ये रविवार आला तर दोन. वाचायला दोन मिनिटं लागतात.

दुसऱ्या कुठल्या प्रकरणात वॉरंट असेल तर या आदेशावर सुटका होत नाही. जुना एखादा खटला विसरलेला आहे का, हे माणसाला पहिल्याच भेटीत विचारा.

सात दिवसांत सुटका झाली नाही तर कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, आणि महिनाभरात जामीन भरता आला नाही तर कोर्ट स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करू शकतं, हेही २०२३ च्या त्याच निर्देशांत आहे. रक्कम झेपत नसेल तर गप्प बसू नका. अट कमी करण्याचा अर्ज करा.

टप्पा ८: गाडी आणि लायसन्स

गाडीसाठी अर्ज आरसीवर ज्याचं नाव आहे त्यानेच करायचा. गाडी मित्राची असेल तर मित्राला यावं लागेल. कोर्ट सुपुर्तनाम्यावर गाडी देतं: बोलावल्यावर हजर करू, विकणार नाही. वाहनं ठाण्याच्या आवारात सडू देऊ नयेत, हा सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा सुंदरभाई देसाई निकाल वकिलाला माहीत असतोच. अपघात असेल तर आरटीओच्या निरीक्षकाची तपासणी झाल्यावरच अर्ज पुढे सरकतो. ताब्यात घेताना गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढा.

जप्त लायसन्स आरटीओकडे जातं आणि निलंबनाबाबत म्हणणं मांडायची संधी मिळते. त्या नोटिशीला उत्तर द्या. लायसन्स परत येईपर्यंत ‘कोपऱ्यापर्यंतच’ म्हणूनही गाडी चालवू नका.

टप्पा ९: तारीख

कोर्टात गर्दीत उभं राहून ‘गुन्हा कबूल’ म्हणायची घाई खूप जण करतात. त्यांना वाटतं, दंड भरला की प्रश्न मिटला. कबुली म्हणजे दोषसिद्धी. कलम १८५ मध्ये दोषी ठरलं की कोर्टाला किमान सहा महिने लायसन्ससाठी अपात्र ठरवावंच लागतं, आणि पुढच्या वेळी तो ‘दुसरा गुन्हा’ मोजला जातो. ज्याचं पोटच ड्रायव्हिंगवर आहे त्याने वकिलाशी बोलल्याशिवाय कबुली देऊ नये. पुरावा स्पष्ट असेल तर कबुलीही शहाणपणाची ठरू शकते, पण ती समजून-उमजून द्यावी.

तारखेला गैरहजर राहिलात तर वॉरंट निघतं, जामीनदाराला रक्कम भरायची नोटीस जाते, आणि न्याय संहितेच्या कलम २६९ खाली वेगळा गुन्हा होऊ शकतो. आजारी असाल तर त्याच सकाळी वकिलामार्फत, डॉक्टरांच्या दाखल्यासह, गैरहजेरी माफीचा अर्ज द्या. पत्ता बदलला तर कोर्टाला आणि ठाण्याला लेखी कळवा.

खटला निकाली निघाल्यावर रोख जामीन परत मिळतो, पण तो कुणी घरी आणून देत नाही. निकालाची प्रत, मूळ पावती आणि बँक खात्याचा तपशील जोडून अर्ज करावा लागतो. पावती हरवली असेल तर तेवढ्यासाठी प्रतिज्ञापत्र करावं लागतं. जामीनदाराचे मूळ कागद कोर्टात ठेवले असतील तर तेही त्याच अर्जात मागून घ्या.